डी अँड डी खेळायचंय? मग तुमच्यातल्या एकाने डीएम व्हा

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघून, 'बाल्डर्स गेट ३' संपवून किंवा 'क्रिटिकल रोल'चे चार-चार तासांचे भाग ऐकून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डी अँड डीची ओढ लागलेली बरीच मराठी मंडळी मला भेटतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "कुणी खेळवणारं आहे का?" खेळायला चार जण सहज जमतात, खेळवायला मात्र कुणी पुढे येत नाही. ही अडचण जगभर आहे. या खेळाचं पुढे काय होणार, हे तो काढणाऱ्या कंपनीच्या घोषणांपेक्षा याच अडचणीवर जास्त अवलंबून आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख नव्या खेळाडूंसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त पहिल्यांदा खेळवायला बसणाऱ्यासाठी आहे.

आधी ओळख

एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. बाकीचे तीन ते पाच जण प्रत्येकी एक पात्र घेतात. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतात, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासे टाकले जातात. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते आणि पात्रं पहिल्या लेव्हलपासून विसाव्या लेव्हलपर्यंत वाढत जातात.

खेळाचा जन्म अमेरिकेच्या मिडवेस्टमधला. तिथे टेबलावर सैन्यं मांडून लढाया खेळणाऱ्यांचे गट होते. १९६९ च्या सुमारास मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी एका खेळात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकच माणूस दिला. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना 'ब्लॅकमूर' नावाच्या किल्ल्याच्या तळघरात नेली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स यांच्याकडे मध्ययुगीन लढायांचे नियम होते. दोघांनी मिळून जे उभं केलं ते जानेवारी १९७४ मध्ये टीएसआर या नव्या कंपनीने छापलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त १०००, आणि खोके गायगॅक्स यांच्या घरीच भरले जात होते.

पुढे १९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, असा कांगावा अमेरिकेत झाला. त्यातून खेळ वाचला. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली टीएसआर 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने. २००८ ची चौथी आवृत्ती अनेक जुन्या खेळाडूंना रुचली नाही. ते 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाकडे वळले, आणि तो खेळ डी अँड डीच्याच आधीच्या, खुल्या परवान्याखाली दिलेल्या नियमांवर उभा होता.

आजच्या लोकप्रियतेचं मूळ २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आहे. नियम सुटसुटीत झाले. २०१५ मध्ये आवाजाचं काम करणाऱ्या व्यावसायिक कलाकारांनी आपला खेळ 'क्रिटिकल रोल' या नावाने थेट प्रक्षेपित करायला सुरुवात केली. त्याआधी हा खेळ शिकायचा तर कुणाच्या तरी घरी जाऊन शेजारी बसावं लागे. आता तो नुसता बघून कळू लागला. २०१९ मध्ये याच मंडळींनी ॲनिमेशनपटासाठी प्रेक्षकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, तेव्हा १ कोटी १० लाखांहून अधिक जमले. २०१६ च्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'ने तळघरात खेळणारी मुलं घराघरांत पोचवली. महासाथीच्या काळात टेबलं ऑनलाइन गेली. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम तर पाचव्या आवृत्तीच्याच नियमांवर चालतो. तो खेळलेल्या माणसाला अर्धे नियम आधीच ठाऊक असतात.

पहिली पायरी: पुस्तकं विकत घेऊ नका

निदान सुरुवातीला तरी. खेळाची तीन मुख्य पुस्तकं आहेत: 'प्लेअर्स हँडबुक', 'डंजन मास्टर्स गाइड' आणि 'मॉन्स्टर मॅन्युअल'. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २०२४ च्या सप्टेंबरपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने आल्या. पुस्तकं देखणी आहेत, पण आयात केलेली असल्याने महाग पडतात आणि पहिल्या महिन्यात त्यांची गरज नसते.

त्याऐवजी 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट' उतरवून घ्या. त्याला सगळे एसआरडी म्हणतात. ही शेकडो पानांची पीडीएफ फुकट मिळते. सगळे मूळ नियम, बाराही क्लास (पात्रांचे प्रकार) आणि ढीगभर राक्षस-प्राणी तिच्यात आहेत. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअरसारखे विझार्ड्स कंपनीने स्वतःकडे राखलेले काही जीव तेवढे नाहीत. ५.२ क्रमांकाची एसआरडी घ्या, ती २०२४ च्या नियमांची आहे. ५.१ म्हणजे २०१४ चे नियम. टेबलावर सगळ्यांकडे एकच क्रमांक असावा. अर्धे जण जुने नियम वाचून आले तर पहिला तास वादात जातो.

ही पीडीएफ फुकट कशी, हे समजून घ्या, कारण खेळाच्या भविष्याचा धागा इथेच आहे. २००० सालापासून एका खुल्या परवान्याखाली कुणीही या नियमांवर स्वतःची पुस्तकं काढून विकू शकत असे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना मोडीत काढायचा आणि मोठ्या प्रकाशकांकडून उत्पन्नाचा हिस्सा घ्यायचा, असा त्याचा रोख होता. खेळाडू खवळले. कंपनीच्या डिजिटल सेवेची सदस्यत्वं लोकांनी धडाधड रद्द केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि ५.१ चे नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय दिलं की कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुले केले. हा परवाना परत घेता येत नाही. २०२५ मध्ये ५.२ सुद्धा तसेच खुले झाले. खेळाडूंनी एकत्र येऊन मिळवलेली ही गोष्ट मला या खेळाच्या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी वाटते.

दुसरी पायरी: माणसं आणि वेळ

डीएम धरून पाच जण उत्तम, चार चालतील. पहिल्याच वेळी सहा-सात खेळाडू घेऊ नका. लढाईत स्वतःची पाळी येईपर्यंत प्रत्येक जण मोबाइल काढतो आणि गोष्ट तुटते.

वेळ तीन तास धरा. महिन्यातून दोनदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ. "बघू, जमेल तसं" म्हणणाऱ्या गटाचा दुसरा सेशन सहसा होत नाही. एक जण गैरहजर असला तरी खेळायचं, दोघे नसतील तर पुढे ढकलायचं, हा नियम आधीच करून टाका.

मित्र वेगवेगळ्या देशांत पांगले असतील तर डिस्कॉर्ड ॲपवर आवाज आणि रोल२० या वेबसाइटवर नकाशा, एवढं पुरतं. वेळेचा मेळ बसतो: पुण्यात रविवारी रात्रीचे साडेआठ म्हणजे लंडनला दुपारचे तीन किंवा चार आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा किंवा अकरा, ऋतूनुसार. जमेल त्यांनी मात्र एका खोलीतच बसावं. एकमेकांचे चेहरे दिसतात तेव्हा कोण कंटाळलंय, कोणाला बोलायचंय पण धीर होत नाही, हे डीएमला न विचारता कळतं.

फासे सात लागतात: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, आणि दहा बाजूंचे दोन. संच ऑनलाइन मिळतो. तो येईपर्यंत गुगलवरचे फासे वापरा.

तिसरी पायरी: खेळाआधीची बैठक

हिला 'सेशन झीरो' म्हणतात. अर्धा-पाऊण तास बसा आणि तीन गोष्टी ठरवा. गोष्टीचा सूर कसा: हसतखेळत, की गंभीर, की भीतीदायक? कोणते विषय टेबलावर मुळीच नकोत? लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा, एखाद्याच्या घरी नुकताच झालेला मृत्यू, अशा गोष्टी लोक चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून डीएमला एकेकट्याने कळवायची मुभा द्या. आणि खेळताना कुणी "हे थांबवूया" म्हटलं तर कारण न विचारता थांबायचं.

काही जणांना हे नसतं अवडंबर वाटतं. मला तसं वाटत नाही. पात्राच्या तोंडून बोलताना माणूस नेहमीपेक्षा मोकळा होतो आणि म्हणूनच त्याला लागतंही लवकर.

भाषेचाही निर्णय इथेच होतो. बोलणं मराठीत ठेवा. 'हिट पॉइंट' (पात्र किती मार सोसेल तो आकडा), 'लेव्हल', 'स्पेल' (जादूचा मंत्र) हे शब्द आहेत तसेच राहू द्या, म्हणजे नियम शोधताना घोळ होत नाही. पण सरायवाला, पहारेकरी, म्हातारी जादूगारीण यांना मराठीत बोलू द्या. इंग्रजीत अडखळणारा खेळाडू स्वतःच्या भाषेत सौदेबाजी करायला लागला की टेबलाचा रंगच बदलतो.

चौथी पायरी: पात्र

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. पात्राची माहिती लिहायच्या शीटवर ते स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विज्डम, करिज्मा असे दिसतील. १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे त्यांना हवे तसे वाटा. पात्राची पार्श्वभूमी, म्हणजे आधी शिपाई होतं की चोर की पुजारी, त्यात आणखी थोडी भर घालते.

गुणातून दहा वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा, अपूर्णांक आला तर खालचा आकडा धरा. हाच तुमचा मॉडिफायर. १७ चा होतो +३, ८ चा होतो -१. खेळात सतत लागतो तो हाच आकडा.

पहिल्यांदा खेळणाऱ्याने फायटर (लढवय्या) किंवा 'रोग' (इंग्रजीतला rogue, चोरपावलांनी वावरणारा) घ्यावा. बार्बेरियनही सोपा. विझार्ड, म्हणजे जादूगार, मोहक वाटतो, पण त्याला पहिल्याच दिवशी डझनभर स्पेल वाचावे लागतात. ज्याला वाचायची हौस आहे त्यालाच तो द्या. जखमा भरणारा एखादा क्लेरिक गटात असला तर बरं, पण कुणावर लादू नका.

पात्राचा पूर्वेतिहास दहा पानांचा लिहून आणू नका. तीन ओळी पुरेत: कुठून आला, काय हवंय, कशाला भितो. बाकीचं टेबलावर उलगडतं. आणि एक अट सगळ्यांना घाला: पात्राला बाकीच्यांसोबत जायचं काहीतरी कारण असलं पाहिजे. कोपऱ्यात एकटा बसणारा, कुणावर विश्वास न ठेवणारा नायक कादंबरीत शोभतो, टेबलावर तो चार जणांचा वेळ खातो.

पाचवी पायरी: डीएमची तयारी

इथे बहुतेक जण घाबरतात. अख्खं जग, हजार वर्षांचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी तयार हव्यात असं त्यांना वाटतं. पहिल्या सेशनला लागतात त्या मोजक्या गोष्टी अशा: एक गाव, गावाची एक अडचण, अडचण जिथे सुटेल अशी एक जागा, आणि नाव असलेली तीन माणसं. तिघांपैकी प्रत्येकाला काय हवंय तेवढं ठाऊक ठेवा, म्हणजे खेळाडूंनी काहीही विचारलं तरी उत्तर सुचतं.

घटना लिहू नका, परिस्थिती लिहा. "खेळाडू पुलावरून जातात, तिथे दरोडेखोर अडवतात, मग ते गुहेत जातात" असं लिहिलंत आणि त्यांनी नावाडी गाठला, तर तुमची वही वाया गेली. त्याऐवजी लिहा: "दरोडेखोरांनी पूल धरलाय, त्यांचा म्होरक्या आजारी आहे, औषध गावातल्या वैद्याकडे आहे." आता खेळाडू पुलावर जावोत, नावेतून जावोत की वैद्याकडे जावोत, तुमच्याकडे पुढचं आहे.

जागा तुमच्या ओळखीची घेतलीत तर वर्णन सोपं जातं. सह्याद्रीतला पडका गड, चोरदरवाजा, पाण्याची टाकी, भुयार बुजल्याची दंतकथा यातून पहिलं साहस अगदी सहज उभं राहतं. मूळ खेळ युरोपीय मध्ययुगाच्या कल्पनेवर बेतलाय, तरी भारताचे धागे त्यात जुने आहेत. वाघाच्या डोक्याचा राक्षस १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आहे. आपल्या कथांमधल्या राक्षसांशी त्याचं साम्य बेताचंच. उलट २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात कोलकात्यात वाढलेल्या मिमी मंडल यांनी लिहिलेलं साहस आहे. बंगालच्या नद्यांचा प्रदेश आतून ओळखणाऱ्या व्यक्तीचा हात त्यात जाणवतो. आपल्याकडचं जग या खेळात आणायचं तर ते असं आणावं.

सहावी पायरी: टेबलावर

नियमाचा गाभा एकच. वीस बाजूंचा फासा टाका, मॉडिफायर मिळवा, त्या कामात पात्र तरबेज असेल तर पहिल्या लेव्हलला आणखी २ मिळवा. बेरीज डीएमने मनात धरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर जमलं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. प्रत्यक्षात असं होतं:

"बुरुजाला जुनी वेल चढलीये. वर पहारेकऱ्याची मशाल येतेय-जातेय. काय करता?"

"मशाल लांब गेली की मी वेल धरून चढतो," ओंकार म्हणतो. त्याचा फायटर आधी शिपाई होता.

"ॲथलेटिक्स टाक," डीएम म्हणतो. म्हणजे चढाईच्या कौशल्याचा फासा.

फाशावर ९ पडले. ताकदीचे ३, सरावाचे २. एकूण १४, आणि डीएमने धरले होते १५.

नवा डीएम इथे म्हणेल, "नाही जमलं." आणि गोष्ट भिंतीपाशी अडून बसेल. याऐवजी म्हणा: "वर पोचलास, पण पायाखालचा दगड सुटला. खाली आवाज झाला. मशाल वळलीये, तुझ्याकडेच येतेय. काय करतोस?" फासा हरला म्हणून गोष्ट थांबवायची नाही, तिला वाकडं वळण द्यायचं. डीएमने एवढं एक आत्मसात केलं तरी त्याचं टेबल रंगतं.

दुसरी खेळाडू सायली, तिच्या पात्राने आधी वर जाऊन दोर सोडला असता तर ओंकारला 'ॲडव्हान्टेज' मिळाला असता: दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. परिस्थिती विरोधात असेल तर उलट, लहान धरायचा. शंका आली की हाच नियम वापरा, पुस्तकात शोधत बसू नका. एखादा नियम एका मिनिटात सापडला नाही तर डीएमने निर्णय द्यावा आणि खरा नियम घरी जाऊन बघावा.

दार उघडं असेल तर फासे मागू नका. फसल्याने काहीच बिघडणार नसेल तरीही मागू नका.

लढाईत प्रत्येकाच्या पाळीला एक हालचाल आणि एक मुख्य कृती. हल्ल्याच्या फाशाची बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे बचावाच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की घाव लागतो. पहिल्या लेव्हलच्या पात्रांकडे साधारण आठ ते बारा हिट पॉइंट असतात, म्हणजे दोन घावांत माणूस आडवा. चार खेळाडूंसमोर चार गॉब्लिन (छोटे, दुष्ट जीव) ठेवलेत तर पुरे, आणि तेही एकदम नको: दोन आधी, दोन नंतर. निम्मे पडले की उरलेले पळून जावेत किंवा शरण यावेत. शेवटच्या जिवापर्यंत लढणारा शत्रू क्वचितच खरा वाटतो, आणि शरण आलेल्याशी बोलणं ही लढाईपेक्षा मजेदार गोष्ट असते.

सातवी पायरी: टिकवणं

पहिलं साहस तीन-चार सेशनमध्ये संपवा. मग डीएम बदला. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. एकच माणूस वर्षानुवर्षं खेळवत राहिला की तो थकतो, आणि तो थांबला की गट संपतो. चौघांनी आळीपाळीने एकेक छोटं साहस चालवलं तर चार डीएम तयार होतात. डीएमला सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत पडते, तेव्हा खाण्याचा खर्च आणि सगळ्यांना फोन करण्याचं काम बाकीच्यांनी उचलावं.

खेळाचं भविष्य स्क्रीनवर आहे का, असं मला विचारतात. हॅस्ब्रोने २०२२ मध्ये 'डी अँड डी बियाँड' ही डिजिटल सेवा १४ कोटी डॉलरांहून अधिक देऊन घेतली. 'सिजिल' नावाचं त्रिमितीय टेबलही बनवलं, पण ते २०२५ च्या सुरुवातीला बाहेर येताच काही आठवड्यांत त्याच्या चमूतल्या बहुतेकांना कमी करण्यात आलं. त्याच वर्षी क्रिटिकल रोलच्या प्रकाशनसंस्थेने 'डॅगरहार्ट' हा स्वतःचा खेळ आणला, आणि पाचव्या आवृत्तीचे दोन प्रमुख शिल्पकार, जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स, विझार्ड्स सोडून तिकडे गेले. मला यात डी अँड डीचा अंत दिसत नाही. उद्या टेबलावर कोणत्या कंपनीचं नाव असेल ते सांगता येणार नाही, पण तुमच्या गटाला गॉब्लिन, गड आणि वीस बाजूंचा फासा कुणी नाकारू शकत नाही. यंत्राने, म्हणजे एआयने, खेळवण्याचं म्हणाल, तर गावांची किंवा माणसांची नावं सुचवायला ते खुशाल वापरा. निर्णय मात्र तुमच्याकडे ठेवा, कारण सायलीला आज काय हवंय ते तुम्हाला दिसतंय.

तुमचं साहस जमलं असं वाटलं तर ते छापा. क्रिएटिव्ह कॉमन्समुळे एसआरडीचे नियम वापरून लिहिलेलं साहस तुम्ही फुकट वाटू शकता किंवा विकू शकता, मराठीतसुद्धा. मुखपृष्ठावर कंपनीचं बोधचिन्ह लावायचं नाही, 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' असं म्हणायचं, आणि एसआरडीच्या सुरुवातीला दिलेलं श्रेयाचं वाक्य जसंच्या तसं आत छापायचं. ५.१ चे नियम कंपनीने स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये दिले. मराठीसाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही. सुरुवात छोटी करा: लढाईतल्या कृती आणि पात्रावर येणाऱ्या अवस्था, म्हणजे आंधळं होणं, पकडलं जाणं, बेशुद्ध पडणं, एवढं एका कागदावर पाठपोट मराठीत उतरवा आणि पुढच्या सेशनला प्रत्येक खेळाडूसमोर एकेक प्रत ठेवा.